‘दॅन’च्या उजवीकडे काय आहे, ते आधी बघा

प्रश्न असा आला आहे : ‘मी मराठी माध्यमातून शिकलो, आता बँकेच्या परीक्षांची तयारी करतोय. काळ, प्रयोग, आर्टिकल हे सगळं जमतं. पण तुलना आणि पॅरललिझम (जोडलेल्या तुकड्यांची सारखी घडण) आलं की जे वाक्य कानाला बरोबर वाटतं तेच चुकीचं निघतं. ‘नॉट ओन्ली… बट ऑल्सो’, ‘ॲज… ॲज’, ‘प्रिफर… टू’ अशा जोड्यांची यादी पाठ केली, तरी काही फरक पडला नाही. काय करू?’

यादी टाकून देऊ नका, पण तिच्यावर भिस्तही ठेवू नका. प्रश्न काढणारी माणसं जोडी क्वचितच मोडतात. जोडी शाबूत ठेवायची आणि तिच्या दोन बाजूंना एकमेकांशी न जुळणारी शब्दांची गाठोडी ठेवायची, हा त्यांचा नेहमीचा डाव. यादी पाठ असलेला विद्यार्थी ‘नॉट ओन्ली’ला ‘बट ऑल्सो’ भेटलं की समाधानाने पुढे जातो आणि फसतो.

आता कानाचं. तुमचा कान बिघडलेला नाही, तो मराठी आहे एवढंच. ‘पुण्याची हवा मुंबईपेक्षा चांगली’ हे वाक्य आपण रोज बोलतो. हवेची तुलना आख्ख्या शहराशी कशी करता, असं कोणी विचारत नाही. ‘पेक्षा’ नामाला चिकटतं, कशाशी तुलना चालली आहे ते ऐकणाऱ्याला कळतं आणि उरलेलं तो मनात भरून घेतो. हेच वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत नेलं की होतं : ‘द क्लायमेट ऑफ पुणे इज बेटर दॅन मुंबई.’ परीक्षक इथे लाल रेघ मारतो, कारण डावीकडे क्लायमेट आहे आणि उजवीकडे शहर. बोलताना इंग्रज माणूसही असं बोलून जातो, पण लेखी इंग्रजीत आणि परीक्षेत ही चूक धरतात. दुरुस्त्या तीन होऊ शकतात. ‘बेटर दॅन दॅट ऑफ मुंबई’ ही पुस्तकी. ‘पुणेज क्लायमेट इज बेटर दॅन मुंबईज’ ही आटोपशीर. आणि ‘द क्लायमेट इज बेटर इन पुणे दॅन इन मुंबई’ ही माझ्या मते सगळ्यांत चांगली, कारण तिच्यात ‘दॅट’ कशासाठी आलं हे शोधायला लागत नाही. फक्त दुसरा ‘इन’ गाळू नका. पर्यायांमध्ये ‘दॅन मुंबई’ आणि ‘दॅन इन मुंबई’ शेजारी शेजारी दिलेले असतात, ते यासाठीच. डावीकडचं नाम अनेकवचनी असेल तर ‘दॅट ऑफ’च्या जागी ‘दोज ऑफ’ येतं, हे तुम्हाला माहीत असेलच.

या एका उदाहरणातच पद्धत आहे. आधी खुणेचा शब्द गाठायचा : दॅन, ॲज, लाइक, अनलाइक, ऑर, बट ऑल्सो, साधा अँडसुद्धा. मग त्याच्या लगेच उजवीकडे काय आहे ते बघायचं : नुसतं नाम, ‘इन’सारख्या शब्दाने सुरू होणारा तुकडा, की क्रियापद असलेलं पूर्ण उपवाक्य? ते ठरलं की डावीकडे वळून त्याच घडणीचा जोडीदार शोधायचा. सुरुवात उजवीकडून, कारण तिथे खुणेला खेटून काय आहे ते निर्विवाद दिसतं. डावीकडे वाक्य लांब असतं, नामं चार-चार असतात आणि कान त्यातलं सोयीचं उचलतो. दोन्ही पारड्यांत एकाच जातीचा माल आला पाहिजे. नाही आला, तर वाक्य कितीही गोड वाटो, तो पर्याय बाद.

‘लाइक’ किंवा ‘अनलाइक’ने सुरू होणाऱ्या वाक्यात जोडीदार उजवीकडेच असतो, स्वल्पविरामानंतर लगेच. ‘अनलाइक मुंबई, पुणेज समर्स आर ड्राय’ हे चूक, कारण मुंबईसमोर उन्हाळे उभे आहेत. ‘अनलाइक मुंबई, पुणे हॅज ड्राय समर्स’ हे बरोबर. स्वल्पविरामानंतरचा कर्ता बोटाने धरायचा, दहा सेकंदांत निकाल लागतो.

‘लाइक’ आणि ‘ॲज’ यांचा झगडा जुना आहे. अमेरिकेत 1954 साली विन्स्टन सिगरेटची जाहिरात आली : ‘विन्स्टन टेस्ट्स गुड लाइक अ सिगरेट शुड.’ पुढे ‘अ सिगरेट शुड’ असं कर्ता-क्रियापदाचं उपवाक्य आहे, म्हणजे ‘ॲज’ हवं, असं म्हणत भाषेचे जाणकार तुटून पडले. कंपनीने त्या वादाचाच धंदा केला आणि नंतरच्या जाहिरातीत ग्राहकांनाच विचारलं की तुम्हाला चांगलं व्याकरण हवं की चांगली चव. बोलीत तेव्हाच ‘लाइक’ जिंकलं होतं. परीक्षेत मात्र अजून जुना कायदा चालतो : नामाआधी ‘लाइक’, उपवाक्याआधी किंवा ‘इन 2019’सारख्या तुकड्याआधी ‘ॲज’. म्हणून ‘ॲज इन 2019, सेल्स फेल’ बरोबर आणि ‘लाइक इन 2019’ चूक. नामाआधी ‘ॲज’ येतं तेव्हा अर्थच वेगळा होतो. ‘शी स्पोक ॲज अ डॉक्टर’ म्हणजे ती डॉक्टर आहे आणि त्या नात्याने बोलली. ‘शी स्पोक लाइक अ डॉक्टर’ म्हणजे बोलण्याचा थाट डॉक्टरचा, ती स्वतः कोणीही असो. उदाहरणं द्यायची असतील तर ‘सच ॲज’ घ्या.

आपल्या बोर्डाच्या परीक्षेत ‘चेंज द डिग्री’ नावाचा प्रकार असतो. तो तुम्ही घोकला असणार : ‘मुंबई इज द बिगेस्ट’चं ‘मुंबई इज बिगर दॅन एनी अदर सिटी इन इंडिया’ करायचं. हा ‘अदर’ कशाला, हे फार थोड्या वर्गांत सांगतात. मुंबई स्वतः भारतातलं शहर आहे. ‘अदर’ नसेल तर ती स्वतःपेक्षाही मोठी ठरते. कारण कळलं की उलटा सापळाही दिसतो. ‘मुंबई इज बिगर दॅन एनी सिटी इन श्रीलंका’ इथे ‘अदर’ घातला तर मुंबई श्रीलंकेत जाते. घोकलेला विद्यार्थी तिथेही हमखास ‘अदर’ घालतो.

त्याच परीक्षेतलं ‘नो सूनर’ घ्या. ‘नो सूनर’नंतर ‘दॅन’ आणि ‘हार्डली’, ‘स्केअर्सली’नंतर ‘व्हेन’, हे लोक वर्षानुवर्षं गाण्यासारखं पाठ करतात. ‘सूनर’ हे ‘सून’चं तर-वाचक रूप आहे, तुलना आली म्हणून ‘दॅन’ आलं. ‘हार्डली’मध्ये तुलना नाहीच. एवढं लक्षात राहिलं तर पाठ करायला काही उरत नाही.

‘सीनियर’, ‘ज्युनियर’, ‘सुपीरियर’, ‘इन्फीरियर’, ‘प्रायर’ यांच्यापुढे ‘टू’ येतं, कारण ही मुळात लॅटिनमधली तुलनेची रूपं. ती इंग्रजीत येताना ‘दॅन’ बरोबर घेऊन आली नाहीत. ‘मोअर सुपीरियर’ म्हणजे तुलनेवर तुलना, म्हणून तेही चूक. ‘प्रिफर’ही लॅटिनमधलंच : ‘आय प्रिफर वॉकिंग टू ड्रायव्हिंग.’ मात्र ‘प्रिफर’पुढे ‘टू वॉक’ असं क्रियापद आलं, तर ‘टू’ला ‘टू’ भिडून घोटाळा होतो. म्हणून तिथे ‘रादर दॅन’ : ‘आय प्रिफर टू वॉक रादर दॅन ड्राइव्ह.’

खास मराठी माणसाच्या चुका म्हणाल तर तीन माझ्या डोळ्यांसमोर रोज नाचतात. पहिली, ‘सेल्स आर हायर कम्पेअर्ड टू लास्ट इयर.’ आपण ‘गेल्या वर्षीच्या तुलनेत विक्री जास्त आहे’ म्हणतो आणि ते मराठीत शुद्ध आहे. इंग्रजीत ‘हायर’ आलं की तुलनेचं काम झालं, त्याला ‘दॅन’च हवं. ‘कम्पेअर्ड टू’ हवंच असेल तर ‘हायर’ काढा : ‘सेल्स आर हाय कम्पेअर्ड टू लास्ट इयर्स.’ दुसरी, ‘बिटवीन 10 टू 12’. ‘दहा ते बाराच्या दरम्यान’चं हे थेट भाषांतर. ‘बिटवीन’चा जोडीदार ‘अँड’, ‘फ्रॉम’चा जोडीदार ‘टू’. एकाचं लग्न दुसऱ्याशी लावायचं नाही. कार्यालयांतल्या सूचनाफलकांवर ही वेळ इतक्या वेळा वाचायला मिळते की ती चूक आहे हेच आपण विसरतो. तिसरी, ‘मोअर बेटर’. ‘जास्त चांगलं’ इतकं सहज तोंडात येतं की मागोमाग ‘मोअर बेटर’ही येतं. तुलना दुप्पट करायची नाही. जोर द्यायचा असेल तर ‘मच बेटर’ म्हणा.

आकड्यांचं थोडं सांभाळा. ‘थ्री टाइम्स मोअर दॅन’ लिहिलं की तिप्पट की चौपट, अशी शंका राहते. ‘थ्री टाइम्स ॲज मेनी ॲज’ लिहिलं की वाद संपतो. मोजता येणाऱ्या वस्तूंना ‘मेनी’ आणि ‘फ्यूअर’ हे खरं, पण पैसे, अंतर आणि वेळ यांच्याकडे इंग्रजी एकगठ्ठा रक्कम म्हणून बघते. ‘ॲज मच ॲज 50,000 रुपीज’ आणि ‘लेस दॅन 10 किलोमीटर्स’ हेच बरोबर. इथे ‘मेनी’ किंवा ‘फ्यूअर’ घालणारे बरेच जण नियम जरा जास्तच पाळतात.

दोन तुलना एकत्र बांधताना एकीचा शब्द गिळू नका. ‘धिस फोन इज ॲज गुड ऑर बेटर दॅन दॅट वन’मध्ये दुसरा ‘ॲज’ हरवला आहे. ‘ॲज गुड ॲज, ऑर बेटर दॅन, दॅट वन’ असं लिहावं लागतं. दिसायला अवघडलेलं दिसतं, मलाही आवडत नाही. लिहिताना मी वाक्यच बदलतो. परीक्षेत बदलायची सोय नसते.

‘आय ट्रस्ट हर मोअर दॅन यू’ हे वाक्य व्याकरणाला धरून आहे आणि तरी धोक्याचं आहे. तुझ्यावर ठेवतो त्यापेक्षा जास्त, की तू ठेवतोस त्यापेक्षा जास्त? दुसरा अर्थ हवा तर ‘दॅन यू डू’, पहिला हवा तर ‘दॅन आय ट्रस्ट यू’. असा छोटा ‘डू’, ‘डिड’, ‘इज’ शेवटी लटकलेला पर्याय दिसला की त्याला फालतू समजू नका. बहुतेक वेळा तो हाच संशय फेडायला आलेला असतो.

आता पॅरललिझम. मुळातला फरक इथे सगळ्यांत स्वच्छ दिसतो. ‘तो नुसती मराठीच नाही, तर कोंकणीही बोलतो.’ इथे ‘च’ आणि ‘ही’ नेमक्या त्या शब्दांना चिकटले आहेत. शब्द मागेपुढे करा, ‘बोलतो तो नुसती मराठीच नाही, कोंकणीही’ म्हणा, अर्थ जागेवर राहतो. इंग्रजीकडे असा चिकटणारा ‘च’ नाही. तिथे काम करते ती जागा. ‘ही नॉट ओन्ली स्पीक्स मराठी बट ऑल्सो कोंकणी’ : ‘नॉट ओन्ली’च्या पुढे क्रियापद, ‘बट ऑल्सो’च्या पुढे नाम. जुळत नाही. ‘नॉट ओन्ली’ एक घर पुढे सरकवा : ‘ही स्पीक्स नॉट ओन्ली मराठी बट ऑल्सो कोंकणी.’ नाम आणि नाम. ‘नॉट ओन्ली स्पीक्स मराठी बट ऑल्सो राइट्स कोंकणी’ हेही चालेल, कारण दोन्हीकडे क्रियापद आहे. ‘आयदर… ऑर’, ‘नायदर… नॉर’, ‘बोथ… अँड’, ‘नॉट सो मच… ॲज’ यांचा हिशेब हाच. ‘आयदर इन पुणे ऑर इन नागपूर’ बरोबर, ‘इन आयदर पुणे ऑर नागपूर’ बरोबर, ‘आयदर इन पुणे ऑर नागपूर’ लंगडं. ‘बोथ’चा जोडीदार ‘ॲज वेल ॲज’ कधीच नाही. आणि ‘ॲज वेल ॲज’ म्हणजे ‘अँड’ही नव्हे : ‘द मॅनेजर, ॲज वेल ॲज द क्लार्क्स, इज ऑन लीव्ह’मध्ये क्रियापद एकट्या मॅनेजरचं ऐकतं.

याचा उत्तम नमुना हवा असेल तर संविधानाची उद्देशिका इंग्रजीतून काढून समोर ठेवा. शाळेत पुस्तकाच्या पहिल्या पानांवर ती रोज होती, पण तिची वाक्यरचना कोणी उलगडून दाखवली नाही. सगळी उद्देशिका एकच वाक्य आहे. ‘हॅविंग सॉलेम्नली रिझॉल्व्ड’ या खुंटीला तीन गोष्टी टांगलेल्या आहेत : ‘टू कॉन्स्टिट्यूट’, ‘अँड टू सिक्युअर’, ‘अँड टू प्रमोट’. या तिघांमध्ये केवढं तरी अंतर आहे, मध्ये न्याय, स्वातंत्र्य, समता असे पूर्ण परिच्छेद येऊन जातात. तरी वाचणारा हरवत नाही, कारण प्रत्येक वेळी ‘टू’ परत येतो आणि त्याला खुंटीकडे नेतो. जोडीदार लांब गेला की खुणेचा शब्द पुन्हा लिहायचा, हा नियम याहून चांगला मला कुठे दिसलेला नाही.

आता त्यातल्या दोन ओळी जवळून बघा. ‘लिबर्टी ऑफ थॉट, एक्स्प्रेशन, बिलीफ, फेथ अँड वर्शिप’ : ‘ऑफ’ एकदाच आला आणि पाचही नामांना पुरला. लगेच पुढे ‘इक्वॉलिटी ऑफ स्टेटस अँड ऑफ ऑपॉर्च्युनिटी’ : इथे दोनच नामं, तरी ‘ऑफ’ दोनदा. दुसरा गाळला असता तर व्याकरण बिघडलं नसतं. पण तो असल्यामुळे दर्जाची समानता आणि संधीची समानता या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून उभ्या राहतात, एकीच्या पोटात दुसरी जात नाही. दोन्ही रीती शुद्ध. एकदाच लिहा किंवा प्रत्येकाला लिहा. पाच नामांपैकी पहिल्याला, तिसऱ्याला ‘ऑफ’ आणि बाकीच्यांना नाही, असं मात्र करता येत नाही. परीक्षेतल्या याद्या नेमक्या अशाच अर्धवट विणलेल्या असतात.

ही चौकट किती भक्कम आहे ते 1976 मध्ये दिसलं. उद्देशिका 26 नोव्हेंबर 1949 ला स्वीकारली गेली, आणि सत्तावीस वर्षांनी 42 व्या घटनादुरुस्तीने तिच्यात शब्द घातले. ‘सॉव्हरिन डेमोक्रॅटिक रिपब्लिक’च्या मध्ये ‘सोशलिस्ट सेक्युलर’ आले : विशेषणांच्या रांगेत विशेषणं. ‘युनिटी ऑफ द नेशन’चं ‘युनिटी अँड इंटेग्रिटी ऑफ द नेशन’ झालं : नामाशेजारी नाम. त्या दुरुस्तीच्या राजकारणावर वाद घालायचा तो घाला. व्याकरणाचा एक टाकाही उसवला नाही. बंधुतेच्या ओळीत तर ‘अँड’ दोन मजल्यांवर काम करतो : वरच्या मजल्यावर व्यक्तीची प्रतिष्ठा आणि राष्ट्राची एकता-एकात्मता यांची जोडी, खालच्या मजल्यावर ‘युनिटी अँड इंटेग्रिटी’ची. कोणता ‘अँड’ कोणाला जोडतो हे पेन्सिलीने रेघा मारून एकदा काढून बघा. पेपरातली लांबलचक वाक्यं फोडायला हाच सराव कामी येतो.

‘इंग’ आणि ‘टू’ यांची सरमिसळ ही पुन्हा मराठीची देणगी. ‘वाचणं, लिहिणं, बोलणं’मध्ये आपल्याकडे एकच ‘णं’ आहे. इंग्रजीत त्याला ‘रीडिंग’ आणि ‘टू रीड’ अशी दोन रूपं, म्हणून ‘आय लाइक रीडिंग, रायटिंग अँड टू स्पीक’ निसटतं. नोकरीच्या अर्जातल्या कामाच्या यादीत हा गोंधळ सर्रास सापडतो : ‘ट्रेनिंग न्यू स्टाफ’, खाली ‘प्रिपेअर्ड मंथली रिपोर्ट्स’, त्याखाली ‘टू हँडल कंप्लेंट्स’. तिन्ही भूतकाळी करा : ट्रेन्ड, प्रिपेअर्ड, हँडल्ड. एवढ्यानेही अर्ज लिहिणारा माणूस नीटनेटका वाटायला लागतो.

पण सगळं एकसारखं दिसलं म्हणजे बरोबर, असंही समजू नका. वरच्या पातळीचे प्रश्न इथे पाडतात. ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापूरला पूर आला तेव्हा पुणे-बंगळूरु महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला होता. ते इंग्रजीत असं लिहिता येईल : ‘द पंचगंगा ओव्हरफ्लोड, फ्लडिंग शिरोली अँड क्लोजिंग द हायवे.’ इथे ‘ओव्हरफ्लोड’ वेगळं आणि पुढची दोन ‘इंग’ वेगळी. ती दोन एकमेकांची जोडीदार, कारण नदी पात्राबाहेर आल्याचे ते परिणाम आहेत. उत्साही विद्यार्थी तिन्ही सारखी करतो : ‘ओव्हरफ्लोड, फ्लडेड शिरोली अँड क्लोज्ड द हायवे.’ व्याकरण शाबूत, पण कारण आणि परिणाम हा संबंध पुसट झाला, तीन घटना नुसत्या ओळीने लागल्या. दोन पर्यायांत घडण सारखीच जुळत असेल, तर वाक्याला म्हणायचं काय आहे त्यावर निवड करा.

सरावाचं विचाराल तर जीमॅट या एमबीए प्रवेशपरीक्षेतले जुने ‘सेंटेन्स करेक्शन’चे, म्हणजे वाक्यदुरुस्तीचे, प्रश्न गाठा. 31 जानेवारी 2024 नंतर ती परीक्षा फक्त नव्या स्वरूपात होते आणि त्यात हा प्रकार नाही, त्यामुळे एमबीएवाल्यांनी ते टाकून दिले आहेत. तुमच्यासाठी ते सोनं आहे, कारण तुलना आणि पॅरललिझम यांवर इतके कसून बेतलेले प्रश्न मला दुसरीकडे मिळाले नाहीत. बँकेच्या पेपरातल्या वाक्यांपेक्षा ते लांब आणि कठीण असतात, तेव्हा सुरुवातीला घड्याळ लावू नका. एक प्रश्न घ्यायचा, खुणेच्या शब्दाला गोल करायचा, उजवीकडचा तुकडा वहीत लिहायचा, त्याच्यासमोर डावीकडचा जोडीदार लिहायचा आणि मगच पर्याय वाचायचे. जोडीदार सापडत नसेल तर पर्यायांकडे वळू नका, वाक्य पुन्हा वाचा. पहिले काही दिवस एका प्रश्नाला पाच मिनिटं लागतील, ती लागू द्या. वहीत लिहिणं बंद करायची घाई करू नका. दिलेलं वाक्य वाचतानाच जोडीदारावर नजर जायला लागली की वही आपोआप सुटते, आणि तेव्हा घड्याळ लावा.